साडेसहाची रायफल

मार्नी टॉफ्टेला लांब पल्ल्याची नवी रायफल घ्यायची आहे, हे टिलबरीत मंगळवारी कळलं आणि बुधवारी दुपारपर्यंत अर्ध्या गावाने तिला कुठलं कॅलिबर, म्हणजे किती मापाची नळी, घ्यायचं ते सांगून टाकलं. पोस्टातल्या बाईने सांगितलं. गव्हाचे ट्रक घेऊन तिच्या वजनकाट्यावर येणाऱ्या शेतकऱ्यांनी खिडकीतून मान काढून सांगितलं. पाद्रीबाबांनी फोन केला तो चर्चमधल्या कॉफीची साखर संपली म्हणून, पण शेवटी गाडी रायफलवर आलीच. मोंटानाच्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर काढणार नाही, पण कॅलिबरचं नाव काढा, समोरचं जेवण गार होईपर्यंत बोलेल.

मार्नीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिचं ठरलेलं होतं. तिला साडेसहा मिलिमीटरची रायफल हवी होती, आणि का हवी होती ते ती कुणालाही सांगू शकत नव्हती. बापाला तर नाहीच नाही.

चाळिशीला टेकलेली, एकटी राहणारी, धान्याच्या कोठारात ट्रक तोलायच्या काट्यावर नोकरीला असलेली ही बाई आणि तिचा बाप आर्विड कित्येक वर्षं जोडीने नेमबाजीला जात. महिन्यातल्या एका शनिवारी हॉगनांच्या कुरणावर क्लबची माणसं जमत, गाई पलीकडच्या कुंपणाआड हाकलत, आणि आठशे-हजार यार्डांवर टांगलेल्या लोखंडी पाट्यांवर नेम धरत. आधी नेम आर्विडचा असायचा आणि मार्नी शेजारी पालथी पडून दुर्बिणीतून वारा सांगायची. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून उलट झालं. आता चाप ती ओढायची, वारा तो सांगायचा. काडतुसं मात्र आधीही त्याचीच होती आणि आताही त्याचीच.

आर्विडने आयुष्यभर ग्रेडर चालवून काउंटीचे रस्ते सपाट केले. मग निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, आणि घराच्या तळघरातलं एक लाकडी टेबल एवढीच त्याची कामाची जागा उरली. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून आणायच्या, धुवायच्या, बुडाला नवी टिकली बसवायची, छोट्या तराजूवर बारूद दाण्यादाण्याने तोलून आत घालायची, टेबलाला नटांनी जखडलेल्या यंत्रात वर गोळी दाबून बसवायची. दुकानातलं तयार काडतूस म्हणजे त्याच्या लेखी खाणावळीतलं जेवण. घरात चूल असताना तिकडे कोण जातं? बायको गेल्यानंतरचा पहिला हिवाळा त्याने त्या टेबलाशी बसून काढला. ते टेबल नसतं तर बाप त्या हिवाळ्यातून बाहेरच आला नसता, असं मार्नीला पक्कं वाटायचं.

आणि गेल्या पानगळीपासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही. कॉफीचा मग टेबलावर ठेवताना बारीक टकटक व्हायची, एवढंच. तो हात खिशात घालायचा नाहीतर दुसऱ्या हाताखाली घ्यायचा, आणि मार्नी तेवढ्यात दुसरीकडे बघायची. पण काडतुसांना ते लपवता येईना. लांबच्या नेमबाजीत गोळी डावीउजवीकडे गेली तर खापर वाऱ्यावर फुटतं, नाहीतर वारा सांगणाऱ्यावर. पण गोळ्या वर-खाली विखुरल्या तर बारूद कमीजास्त पडलेली असते आणि चूक भरणाऱ्याची असते. हे क्लबात कालच आलेला माणूसही सांगेल. आर्विडच्या काडतुसांनी आठशे यार्डांवर गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसायच्या. आता एक पाटीच्या डोक्यावरून जाई आणि पुढची पायाशी मातीत.

"नळी संपली, बाबा," मार्नी म्हणाली होती. "किती वर्षं राबलीये बिचारी. झिजली."

आर्विडने दुर्बिणीवरचा डोळा न काढता "असेल" म्हटलं होतं.

नळी थोडीफार झिजली होती, हे खरं. पण वर-खाली फेकण्याइतकी नव्हती, हे मार्नीला ठाऊक होतं. नाताळात तिने बापाला बारूद आपोआप तोलणारं विजेचं यंत्र भेट दिलं, तर म्हातारा म्हणाला, "दाणे मोजायला वीज कशाला?" आणि खोकं न उघडता फळीवर ठेवून दिलं. मग तिने हा दुसरा डाव रचला. जुनी रायफल थ्री-ओ-एट कॅलिबरची, म्हणजे जाड गोळीची, होती. तळघरातल्या पुंगळ्या, साचे, सगळा पसारा थ्री-ओ-एटचा. रायफल साडेसहाची घेतली की त्यातलं काहीच चालणार नव्हतं. साडेसहाची तयार काडतुसं दुकानात चांगली मिळतात. आता या वयात नवं सामान कुठे आणता, बाबा, असं हसत म्हणायचं. टेबल आपोआप सुटेल आणि हाताबद्दल एक शब्दही बोलावा लागणार नाही. आपण मोठं शहाणपणाचं काम करतोय, असं तिला वाटत होतं. तिच्या जागी मी असतो तरी मला तसंच वाटलं असतं.

ग्लेन रस्टाडच्या दुकानात पुढच्या बाजूला खिळे, कुंपणाची तार आणि कुत्र्यांचं खाणं, आणि मागच्या भिंतीला रायफली. ग्लेन आर्विडचा शाळेपासूनचा दोस्त. शनिवारी सकाळी बापलेक आत शिरले तेव्हा तो गल्ल्यामागे डोनट खात बसला होता.

"या, या. टॉफ्टे घराण्याने पाकीट उघडायचं ठरवलंय म्हणे."

"पाकीट तिचं," आर्विड म्हणाला. "मी नुसता नाक खुपसायला आलोय."

"ते तू कायम फुकट करतोस."

"ग्लेनकाका, स्वस्तातली दाखवा," मार्नी म्हणाली. "फक्त नळी चांगली हवी. लाकूडकाम, नक्षी, असले नखरे नकोत."

ग्लेनने एक काळी रायफल काढून गल्ल्यावर ठेवली. "हिच्या रूपावर जाऊ नका. दिसायला गटाराचा पाइप आहे, पण सांगाल तिथे गोळी नेऊन ठेवते. या किमतीत हिच्या तोडीची दुसरी नाही. आता कॅलिबर बोला."

"थ्री-ओ-एट," आर्विड म्हणाला.

"साडेसहा," मार्नी म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. ग्लेनने दोघांकडे पाहिलं, डोनट खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "कॉफी ओततो. हे काही लवकर मिटत नाही."

"तू बस गप," आर्विड म्हणाला.

"गप कसा बसू, दुकान माझं आहे. टू-टू-थ्री का घेत नाही? सगळ्यात स्वस्त. खांद्याला कळतसुद्धा नाही उडाली ते."

"हजार यार्डांवर पोचेस्तोवर त्या गोळीचा जीव गेलेला असतो. पाटीला लागली तरी आवाज येत नाही. मग लागली हे कळणार कसं, पत्र येणार?"

"बरं मग, ही मोठी मॅग्नम?"

"एका गोळीच्या पैशात माणूस जेवून येईल. आणि खांदा गेलेला एक माणूस घरात पुरे आहे."

मार्नीला हसू आलं. बाप रंगात आला की तिला सगळं विसरायला व्हायचं. पण गल्ल्यावर ठेवलेल्या टोपीखाली त्याचा उजवा हात होता, आणि टोपी अगदी किंचित हलत होती.

"साडेसहाला वारा कमी लागतो, बाबा," ती म्हणाली. "थ्री-ओ-एट हातभर सरकते तिथे ही अर्ध्या हाताच्या जरा पुढे. धक्काही कमी. गोळी कुठे लागली ते मला रायफलवरच्या दुर्बिणीतूनच दिसेल."

"म्हणजे मी नको तुला. वारा सांगायला झाड लाव शेजारी."

"असं कुठे म्हटलं मी?"

"बरं, वाऱ्याचं मान्य. आणि नळी? साडेसहाची नळी थ्री-ओ-एटच्या निम्म्या वेळात संपते. तूच म्हणतेस ना, जुनीची नळी संपली? मग लवकर संपणारीच का घेतेस?"

स्वतःच्याच खोट्यात मार्नीचा पाय अडकला होता.

"आणि घरात पुंगळ्यांच्या बादल्या भरल्यात," आर्विड पुढे म्हणाला. "काडतूस जवळपास फुकटात पडतं. रायफल स्वस्त घ्यायची आणि मग जन्मभर तिला दुकानातलं महाग खाणं घालायचं, हा कुठला शहाणपणा?"

"आर्विडचं बरोबर आहे, मार्नी," ग्लेन म्हणाला. त्यालाही जरा नवलच वाटलं असावं, कारण त्याने ते दोनदा म्हटलं.

बरोबर होतंच. जमिनीवर पाय असलेला कुणीही माणूस त्या दिवशी थ्री-ओ-एटच घेऊन गेला असता. मार्नीकडे उरलं होतं ते फक्त खरं कारण, आणि ते त्या टोपीखाली हलत होतं. ती टोपीकडे बघत राहिली आणि मग तिने चटकन नजर वर घेतली.

"मला ती आवडते, बाबा. मला तीच हवीये. बास."

आर्विड खांदे उडवून म्हणाला, "आवडते म्हणालीस तर विषयच मिटला. आधी सांगायचंस. तुझ्या आईने पिवळी गाडी अशीच घेतली होती."

रायफल गाडीत ठेवताना मार्नीला इतकं हलकं वाटलं की तिने ग्लेनकडून तयार काडतुसांचा आणखी एक डबा आणला. आर्विड तो डबा हातात घेऊन वाचत बसला, एखाद्या परक्या माणसाची ओळख करून घ्यावी तसा.

दुसऱ्या दिवशी चर्चहून तो तिच्याकडे जेवायला आला. ओव्हनमध्ये खिमा आणि बटाट्याचा हॉटडिश होता, दर रविवारी असायचा तोच. आर्विडने कोट काढायच्या आधी एक कागदी पिशवी टेबलावर ठेवली.

"उघड."

पिशवीत साडेसहाचे साचे होते आणि नव्याकोऱ्या पुंगळ्यांचा डबा.

"काल संध्याकाळी परत गेलो ग्लेनकडे," आर्विड म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "रात्री काडतुसं भरायचं पुस्तक काढून बसलो. वेगळाच मामला आहे गं हा. पुंगळी आखूड, गोळी लांबलचक. बारूदही दुसरी लागते. मला वाटायचं, या वयात नवं काय शिकणार आपण. पण मजा आली. तुझी आई गेल्यापासून इतका वेळ पुस्तक हातात धरलं नव्हतं मी."

मार्नी हॉटडिशचं भांडं हातात घेऊन उभीच राहिली.

"काय गं? बोल की काही. दुकानातली काडतुसं उडवून माझी पोर नेमबाजी करणार, तर लोक मला गावात राहू देतील का?"

"वा," मार्नी म्हणाली. "छानच की, बाबा."

त्याने दोनदा वाढून घेतलं. बाप इतका खुश होता की तिला रडू येत होतं, आणि हे सगळं आपणच घडवून आणलंय हे कळून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

मंगळवारी काटा बंद करून ती थेट त्याच्या तळघरात गेली. आर्विड दिव्याखाली बसला होता. तिने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मी भरू का? तुम्ही सांगा, मी तोलते."

"तू टनात तोलणारी बाई. इथे दाणे आहेत. सरक बाजूला, उजेड अडवतेस."

ती मागे उभी राहून बघत राहिली. तो चमच्याने बारूद तराजूत घालायचा आणि शेवटचे काही दाणे बोटाने चमचा ठोकून पाडायचा. लहानपणी ती स्टुलावर बसून हे तासन्‌तास बघायची. तेव्हा एक एक दाणा पडायचा. आता बोट ठोकायच्या आधीच चमचा हलायचा आणि दाणे भसकन पडायचे. तो थोडे परत काढायचा, काटा डोलायचा, तो डोळे बारीक करायचा.

"चालेल," तो म्हणाला आणि बारूद पुंगळीत ओतली.

या टेबलाशी "चालेल" हा शब्द मार्नीने आजवर ऐकला नव्हता. या टेबलाशी "बरोबर" असायचं, नाहीतर तराजू रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून. तिने तोंड उघडलं. आर्विड काहीतरी गुणगुणत होता. ती वर गेली आणि कॉफी करायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, त्या काडतुसांचं तिने गुपचूप काहीतरी करायचं होतं. तिच्या मनात ते आलंही होतं. पण उडालेली प्रत्येक पुंगळी आर्विड स्वतः उचलायचा, आणि आपली पुंगळी तो अंधारातही ओळखायचा. शिवाय तिने स्वतःची समजूत घातली होती की होऊन होऊन काय होईल, नेम चुकेल. नवी रायफल आहे, हाताला बसली नाही म्हणू. आणखी एखादा महिना निघेल.

जूनमधल्या एका रविवारी दोघं सरावाला कुरणावर गेले. क्लबाचं दुसरं कुणी नव्हतं. हवा स्वच्छ होती आणि वारा पश्चिमेकडून, तिथे नेहमी असतो तसा, म्हणजे पिकअपचं दार धरून उघडावं लागेल इतकाच. आधीच्या आठवड्यात मार्नीने तयार काडतुसांनी रायफलचा नेम नीट जुळवून ठेवला होता. आता ती चटईवर पालथी झाली, आर्विड तिच्या उजव्या अंगाला दुर्बीण लावून बसला आणि त्याने स्वतः भरलेला डबा तिच्या हाताशी ठेवला.

"आठशेची पाटी. पाटीच्या डाव्या काठावर धर, वारा आणून ठेवेल मध्ये."

तिने चाप ओढला. लांबून टिंग आलं.

"लागली! हा बघ तुझा गटाराचा पाइप!" आर्विड पोरासारखा खिदळला. "मार पुढची."

पुढची पाटीच्या वरून गेली. मागच्या टेकाडावर धूळ उडाली. त्यानंतरची पाटीच्या खाली, चांगली दोन हात खाली मातीत घुसली. डावीउजवीकडे दोन्ही अगदी मध्यावर होत्या, वारा त्याने बरोबर सांगितला होता.

"श्वास चुकला माझा," मार्नी म्हणाली.

"मार."

तिने पुढचं काडतूस आत सरकवलं आणि चाप ओढला. धक्का नेहमीपेक्षा कडक आला. गोळी कुठे गेली ते दोघांनीही पाहिलं नाही, कारण मार्नी पुंगळी काढायला बोल्टची, म्हणजे नळीमागच्या लोखंडी अडसराची, मूठ वर उचलायला गेली आणि मूठ हलेना. तिने तळवा लावून जोर दिला, मग पुन्हा दिला, तेव्हा कुठे बोल्ट कुरकुरत सुटला.

आर्विड दुर्बीण सोडून तिच्याकडे बघत होता.

"रायफल खाली ठेव," तो म्हणाला. "हात काढ तिच्यावरून."

पुंगळी चटईवर पडली होती. त्याने उचलली आणि बूड वर करून उन्हात धरली. बुडाची टिकली दाबून चपटी झाली होती, कडेपर्यंत पसरली होती, आणि शेजारच्या पितळेवर चकचकीत ओरखडा उमटला होता. आत बारूद जास्त असली, की पुंगळी अशी दिसते. आर्विडला ते पुस्तकात बघायची गरज नव्हती. पुंगळी त्याच्या बोटांत थरथरत होती आणि या वेळी त्याने हात लपवला नाही.

"नवीन रायफल आहे ना, बाबा, बोल्ट जरा घट्ट..."

"मार्नी."

ती रायफलपासून बाजूला सरकली.

त्याने रायफल उचलून बोल्ट काढला, पुढून-मागून निरखला, नळीतून आरपार पाहिलं. सगळं शाबूत आहे याची खात्री करून त्याने ती तिच्यापुढे ठेवली. "आता दुकानातली घाल."

तिने घातली. टिंग. पुन्हा टिंग. ती उडवत गेली आणि पाटी वाजत गेली. वर नाही, खाली नाही, सगळ्या एका ओळीत. दुर्बिणीतून बघत आर्विड नुसता "हं" म्हणायचा, आणि प्रत्येक "हं" आधीच्याहून बारीक येत होता. शेवटी त्याने दुर्बिणीवर झाकण घातलं.

"नळी नवी आहे," तो म्हणाला. "आता नळीला बोल लावता येत नाही. कधीपासून माहीत आहे तुला?"

मार्नी चटईवर उठून बसली. जुनी रायफल राहिली असती तर हे खोटं अजून वर्षभर चाललं असतं. तिने स्वतःच्या पैशाने नवी नळी आणली आणि लपायची एकुलती एक जागा मोडून टाकली होती.

"पानगळीपासून," ती म्हणाली. "जुनीची नळी ठीक होती."

"म्हणून साडेसहा."

"हो. म्हणजे तुम्हाला सांगायला नको. तुमचं टेबल... आई गेल्यावर तुम्ही तिथेच होता. मी ते कसं काढून घेऊ तुमच्याकडून?"

आर्विडला राग यायला थोडा वेळ लागला. तो आधी दूर गाईंकडे बघत बसला. मग वळला, आणि मार्नीने बापाचा असा चेहरा आयुष्यात पाहिला नव्हता.

"रायफलला गाल कुठे टेकवतेस तू?"

"काय?"

"गाल. कुठे टेकवतेस? दाखव. इथे. आणि बोल्ट कुठे आहे? चार बोटांवर. रायफल फुटली तर तो कुठे येतो? अगं, माझा हात थरथरतो हे मला माहीत नव्हतं का? मला वाटायचं, थरथर दाण्यांपर्यंत पोचत नसेल. बायकोला फसवावं तसं मी स्वतःला फसवत होतो. पण तुला तर कळलं होतं! कळून तू माझी काडतुसं आत घालत होतीस आणि वर डोळा लावून पडत होतीस? अख्खा हिवाळा?"

"मला वाटलं, फार तर नेम चुकेल..."

"नेम गेला खड्ड्यात! तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी हात आवरला असता. मला वाईट वाटू नये म्हणून तू स्वतःचा डोळा पणाला लावलास? म्हातारा तळघरात खुश राहावा म्हणून? आणि एखादी आणखी जास्त भरली गेली असती, तर मी काय करायचं होतं, मार्नी? त्यानंतर मी कुठल्या टेबलाशी बसायचं होतं?"

त्याचा आवाज फाटला. तो उठून पिकअपकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मार्नी तिथेच बसून रडली. गेले कित्येक महिने तिने बापाच्या लाजेचा विचार केला होता, त्याच्या एकटेपणाचा, त्याच्या हिवाळ्यांचा. आपल्या हातून पोरीला इजा होईल या भीतीचा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. तिने त्याला जपलं ते लहान मुलाला जपावं तसं. तो अजून बाप आहे, हेच ती विसरली होती.

परत येताना आर्विडने स्वतः भरलेल्या काडतुसांचा डबा मांडीवर घेतला होता आणि झाकणावर दोन्ही हात दाबून धरले होते. घराशी उतरताना त्याने दार हळूच लावलं. मार्नीला ते आपटलेलं चाललं असतं.

सोमवारी त्याचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मार्नी काट्यावर ट्रक चढवत उतरवत होती आणि डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, बैठकीतल्या खुर्चीत बसलेला बाप, टीव्ही बंद, दिवा बंद. टेबल सुटलं होतं. तिला हवं होतं तेच झालं होतं, आणि तिला त्याची इतकी भीती वाटत होती की बुधवारी एका शेतकऱ्याला तिने दुसऱ्याचीच पावती दिली आणि शिव्या खाल्ल्या. काम संपल्यावर ती घरी न जाता तडक त्याच्याकडे गेली.

बैठकीत तो नव्हता. अंगणात गवतावर राखाडी दाणे विखुरलेले दिसले. बारूद गवताला खत म्हणून चांगली, असं इथली जुनी माणसं सांगतात. म्हणजे त्याने काडतुसं एकेक उघडून रिकामी केली होती. तळघरातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. ती जिना उतरून खाली गेली.

आर्विड टेबलाखाली उताणा पडला होता. फक्त पाय बाहेर दिसत होते. वर टेबलावर बसवलेलं ते काडतुसं भरायचं अवजड यंत्र एका बाजूला कललं होतं.

"बाबा?"

"आलीस? बरं झालं. हे तुझ्या गॅरेजमध्ये न्यायचंय. जागा कर तिथे. तो मोडका फ्रीज काढून टाक आधी, कधीपासून सांगतोय."

"माझ्याकडे कशाला?"

"मग भरणार कुठे? तू भरणार आहेस. मी शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि चुकलीस की शिव्या घालणार. वर्षभर तरी घालणार, सांगून ठेवतो. माझा राग अजून गेलेला नाही."

"नाही गेलेला?"

"अजिबात नाही." टेबलाखालून पाना नटवर आपटल्याचा आवाज आला, मग घसरल्याचा, मग पुन्हा आपटल्याचा. "बाकीचे सुटले. हा एक नट आहे भिंतीकडचा."

पाना नटवर बसत नव्हता. मार्नी उभी राहून ऐकत होती, आणि पुढे होऊन तो पाना त्याच्या हातातून घ्यायचा नाही, म्हणून तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले होते. पाना आणखी एकदा घसरला. मग आवाज थांबला.

टेबलाखालून हात बाहेर आला. हातात पाना होता आणि हात थरथरत होता, पार मनगटापर्यंत.

"माझा हात स्थिर राहत नाही आता, मार्नी," आर्विड म्हणाला. "तू कर."

अख्खा हिवाळा ती हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून धडपडली होती. तिने पाना घेतला, गुडघे टेकले आणि पाठीवर आडवी होऊन त्याच्या शेजारी टेबलाखाली शिरली. तिथे धूळ होती, पितळेचा वास होता आणि दोघांना जेमतेम पुरेल एवढी जागा. आर्विड तिच्यासाठी थोडा सरकला.

"उजव्या हाताला, भिंतीकडे. अजून थोडं वर," तो म्हणाला. "हां. बसला. आता उलटा फिरव."